अपपात्र : निजामाची चांदी आणि आपली जर्मनची ताटली

हैदराबादच्या जुन्या शहरात पुरानी हवेली नावाचा राजवाडा आहे. त्याच्या एका भागात निजाम म्युझियम आहे. २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात तिथे चोरी झाली. हिरे, माणकं, पाचू जडवलेला सोन्याचा तीन पुडांचा जेवणाचा डबा, एक कपबशी आणि एक चमचा एवढ्या वस्तू गेल्या. थोड्याच दिवसांत पोलिसांनी दोघांना पकडलं आणि वस्तू परत मिळाल्या. चोरांपैकी एक जण त्या डब्यात जेवत होता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. वर्तमानपत्रांनी ही बातमी चवीने छापली आणि देशभर लोक हसले.

चोरीचं समर्थन कुणीच करणार नाही. पण त्या हसण्यात एक प्रश्न राहून गेला. त्या डब्यात चोर जेवला याचं आपल्याला नवल वाटलं. त्या डब्यातलं सोनं आणि शेजारच्या कपाटांतली चांदी कुणाच्या ताटातून आली, हे मात्र कुणी विचारलं नाही. आपण साखऱ्याच्या, सेनगावच्या, हिंगोलीच्या लोकांनी तरी हा प्रश्न विचारला पाहिजे. कारण त्या कपाटांत आपलाही वाटा आहे.

चांदी आली कुठून?

साखरा हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, त्याआधी हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता. आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचा राजा मुंबईत नव्हता, दिल्लीत नव्हता. तो हैदराबादला होता.

शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. त्याच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९३७ च्या फेब्रुवारीत रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस अशी त्याची ख्याती होती. या महोत्सवात मिळालेल्या भेटवस्तू म्हणजे आजच्या निजाम म्युझियमचा गाभा. हैदराबादमधल्या मोठमोठ्या इमारतींच्या चांदीच्या प्रतिकृती, चांदीच्या मंजुषा, अत्तरदाण्या, हिरे जडवलेले चांदीचे कॉफीचे पेले, चांदीच्या तारेच्या नक्षीचा हत्ती. फलकनुमा राजवाड्यातलं जेवणाचं टेबल तर एका वेळी १०१ माणसं बसतील एवढं लांब आहे.

आता हिशेब पाहू. संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, हाली शिक्का. चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया सुमारे ११ ग्रॅमचा होता आणि त्यात शुद्ध चांदी साधारण ९ ग्रॅम. म्हणजे एक किलो शुद्ध चांदीसाठी शंभरावर हाली रुपये वितळवावे लागतील. हे रुपये संस्थानाच्या तिजोरीत येत कसे? मुख्यतः शेतसाऱ्यातून आणि दारूवरच्या अबकारी करातून. ज्वारी पिकवणाऱ्याकडून आणि थकून भागून शिंदी पिणाऱ्याकडून. शिवाय राज्यातल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा ‘सर्फ-ए-खास’ होता, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. त्याचं उत्पन्न थेट त्याच्या पदरात पडे. जवळपास तीन दशांश जमीन जहागीरदार आणि इतर सरंजामदारांकडे होती. वर नजराण्याची पद्धत. निजामापुढे जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही. अधिकारी नजराणा देई, तो खालच्याकडून वसूल करी, खालचा त्याच्या खालच्याकडून. उतरंडीच्या तळाशी जो होता त्याला वसूल करायला कुणीच नव्हतं. त्याच्याकडून वेठ घेतली जाई.

भारतात चांदीच्या मोठ्या खाणी तेव्हा नव्हत्या. शेकडो वर्षं इथला कापूस, कापड, मसाला बाहेर जायचा आणि त्याच्या बदल्यात चांदी यायची. जगातली किती तरी चांदी दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरातून निघाली. १५४५ साली स्पॅनिश लोकांना तो डोंगर सापडला आणि पुढे तिथल्या मूलनिवासींना पाळीपाळीने सक्तीने खाणीत उतरवलं गेलं. म्हणजे ती चांदी खाणीतून निघतानाही वेठीची होती आणि ताटात उतरतानाही वेठीची.

रुपयाला विटाळ नाही, भांड्याला आहे

गावच्या सरकारी वसुलीची रक्कम तालुक्याच्या खजिन्यात पोचवणं हे महाराच्या वतनी कामांपैकी एक होतं. पाटील-कुलकर्णी वसुली करायचे, हिशेब लिहायचे आणि रुपयांची थैली महाराच्या पाठीवर चढायची. उन्हातान्हात, ओढ्या-नाल्यांतून, अनवाणी तो चालायचा. शेकडो चांदीचे रुपये त्याच्या अंगाला घासून जायचे. खजिन्यात ते मोजून घेतले जात. त्या चांदीला विटाळ होत नव्हता.

तोच माणूस संध्याकाळी गावात भाकरी मागायला गेला, की दारातून भाकरी वरून टाकली जायची. पाणी ओंजळीत वरून ओतलं जायचं. वाढणाऱ्याचं भांडं आणि घेणाऱ्याचा हात यांच्यात वीतभर अंतर राहिलंच पाहिजे. त्याच्या पाठीवरची चांदी चालते, पण त्याच्या हाताला लागलेला पितळेचा तांब्या चालत नाही. जात म्हणजे काय, हे समजून घ्यायला जाडजूड ग्रंथ नको. एवढं एक उदाहरण पुरे आहे.

आणि ही केवळ अडाणी लोकांची रूढी नव्हती. तिला शास्त्राचा आधार होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. त्यात सोन्याचं भांडं आणि नक्षी नसलेलं चांदीचं भांडं, त्याला काही चिकटलेलं नसेल तर नुसत्या पाण्याने शुद्ध होतं. दहाव्या अध्यायात चांडाळांचे नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यांत खावं, लोखंडाचे दागिने घालावेत. आणि त्यांच्यासाठी तिथे एक शब्द आहे : अपपात्र. ज्याने वापरलेलं भांडं पुन्हा वापरता येत नाही, तो अपपात्र.

हा शब्द नीट ऐका. तो आपल्या कामावरून, रंगावरून किंवा राहण्याच्या जागेवरून तयार झालेला नाही. तो भांड्यावरून तयार झालेला आहे. माणसाची व्याख्या भांड्याने केली. चांदीला काहीही लागलं तरी धुऊन निघतं, पण आपला स्पर्श धुऊन निघत नाही, असं या ग्रंथाने ठरवलं. म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी १०८ घागरी पाणी बाहेर काढून, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं होतं. जनावराचं शेण-मूत्र शुद्ध आणि माणसाची ओंजळ अशुद्ध. या मापात चांदीचं ताट आणि फुटकं मडकं ही श्रीमंती-गरिबीची खूण राहत नाही. ती कायद्याची खूण होते.

फक्त निजामच का?

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. निजामाच्या चांदीचा विषय काढला की काही मंडळी लगेच खूश होतात. १७ सप्टेंबर जवळ आला की त्यांना निजामाचे अत्याचार आठवतात आणि त्यांच्या गोष्टीत जुलमी फक्त मुसलमान असतो. निजाम सरंजामी राजा होता, शोषक होता, यात शंका नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या नोव्हेंबरमध्येच जाहीरपणे सांगितलं होतं, की अनुसूचित जातींनी निजामाची बाजू घेऊ नये. पण आपल्या गावात भाकरी वरून टाकणारा हात निजामाचा नव्हता. तो पाटला-देशमुखाचा होता, कुलकर्ण्याचा होता. १९४८ ला निजाम गेला. तो हात गेला का?

म्हणून आता ग्वाल्हेरला जाऊ. तिथले शिंदे मूळचे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे, मराठी राजघराणं. त्यांचा जयविलास राजवाडा १८७४ सालचा, त्याच्या एका भागात आज संग्रहालय आहे. तिथल्या जेवणघरात पाहुणे सर्वांत जास्त थांबतात ते एका वस्तूपुढे. जेवणाच्या लांब टेबलावर रूळ घातलेले आहेत आणि त्या रुळांवरून धावणारी चांदीची छोटी आगगाडी. जेवण झाल्यावर ही गाडी दारू आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. वाढायला माणूसही नको, चांदीची गाडी वाढील! लहान मुलं ती पाहून टाळ्या वाजवतात.

ग्वाल्हेरच्या शेजारी इंदूरला होळकरांचं, दुसरं मराठी संस्थान होतं. १९२८ च्या सुमारास तिथल्या काही गावांतल्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसह, बलाई या अस्पृश्य जातीसाठी नियम काढले. जरीकाठी पागोटं घालायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. मिळेल त्या मोबदल्यात राबायचं. बलायांनी नकार दिला. मग त्यांच्या विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली. त्यांनी दरबारात अर्ज केले, पण वेळेवर दाद लागली नाही. शेकडो माणसं बायकामुलं घेऊन पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून शेजारच्या धार, देवास, भोपाळ अशा संस्थानांत गेली. त्या यादीत ग्वाल्हेरचंही नाव आहे. एका टेबलावर चांदीची गाडी सिगार वाढते आणि हातात चांदीचा तोडा घालायची बंदी झाली म्हणून देशोधडीला लागलेली माणसं त्याच राजाच्या हद्दीत आसरा शोधत येतात.

ही हकिकत बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या भाषणात दिली आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि कधीच करू न दिलेलं हे भाषण. त्यात आणखी दोन घटना आहेत आणि दोन्ही ताट-भांड्यांच्याच आहेत. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावात १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये बऱ्या घरच्या अस्पृश्य बायका धातूच्या घागरींतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्यात तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिलं आणि पानात तूप वाढलं. लाठ्या घेऊन जमाव आला, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना भरल्या ताटावरून उठवून पिटाळलं. पैसा त्याचा, तूप त्याचं, जेवणारे त्याचे. गुन्हा एकच : अपपात्राच्या पानात तूप.

जातिव्यवस्थेला आपलं दारिद्र्य पुरत नव्हतं. ते डोळ्यांना दिसणं तिला आवश्यक होतं. म्हणूनच आपण चार पैसे मिळवले तरी घागर मातीचीच हवी होती.

बाबासाहेब आणि चांदी

पण बाबासाहेबांनी याचं उत्तर ‘आम्हालाही चांदी द्या’ असं दिलं का? नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर त्यांनी अस्पृश्य स्त्रियांपुढे भाषण केलं. त्यात ते दागिन्यांवर बोलले. गळ्यात ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाच्या किंवा चांदीच्या गोट-पाटल्या ही तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी खूण झाली आहे, ती टाकून द्या, असं त्यांनी बजावलं. घालायचाच तर सोन्याचा दागिना घाला, नाहीतर काहीच घालू नका.

इंदूरकडे चांदी घालायला बंदी, आणि कोकणात तीच चांदी अस्पृश्यतेचं लेबल. वरवर पाहता हे उलट वाटतं. पण दोन्हीकडे मुद्दा एकच आहे. तुमच्या अंगावर काय असावं हे ठरवायचा अधिकार दुसऱ्याकडे आहे. बाबासाहेबांनी त्या अधिकारावरच घाव घातला. त्या बायका घरी गेल्या त्या नेसण्याची पद्धत बदलूनच. चांदी महत्त्वाची नव्हती, ठरवणारा कोण हे महत्त्वाचं होतं.

हाच विचार ३० डिसेंबर १९३८ ला आपल्या मराठवाड्यात आला. कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला निजामाच्या हद्दीतल्या अस्पृश्यांची परिषद झाली, भाऊसाहेब मोरे यांनी ती भरवली आणि बाबासाहेब अध्यक्ष होते. रौप्यमहोत्सव होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. एका परिषदेची आठवण काचेच्या कपाटात नाही, पण दरवर्षी ३० डिसेंबरला माणसं तिथे जमतात. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचं काम सुरू झालं. अपपात्र ठरवलेल्यांची मुलं वसतिगृहात एका पंगतीला जेवायला बसली.

राजा म्हटला की तो शोषकच, असंही मी म्हणत नाही. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराज होते. राजवाड्यातल्या पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथे जाऊन, बरोबरच्या सवर्ण मंडळींना घेऊन, त्यांच्या हातचा चहा प्यायले. महाराजांकडे चांदीच्या भांड्यांची कमी होती का? पण शंभर वर्षांनंतर आपण आठवण काढतो ती त्या हॉटेलातल्या कपाची. राजाने अपपात्राच्या भांड्याला ओठ लावले आणि मनूचा एक शब्द भर रस्त्यात मोडला.

‘कलेत जात कशाला आणता?’

असं कुणी म्हणेलच. चांदीच्या कामात सौंदर्य आहे, हे मान्य. तार ओढणाऱ्याचं, ठोके देणाऱ्याचं कसब डोळे दिपवणारं आहे. पण त्या कारागिराचं नाव तरी कुठे असतं? कच्छच्या उमरसी मावजीसारखा एखादा, ज्याची खूण भांड्याच्या बुडाशी सापडते. बाकी हजारो हात निनावी. आणि ज्यांनी साऱ्याची थैली वाहिली, ते तर निनावीही नाहीत. ते गोष्टीतच नाहीत. भांड्याच्या पाटीवर धातू येतो, काळ येतो, मालक येतो. आम्ही कलेत जात आणत नाही. ती आधीपासून तिथे आहे, फक्त पाटीवर लिहिलेली नाही.

आमच्या घरी आजीची एक ताटली होती, जर्मनची. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. काठ चेपलेले, मध्ये खड्डा. ती वाड्यावर कामाला जायची तेव्हा तिच्यासाठी वेगळी ठेवलेली ही ताटली होती. गोठ्याच्या भिंतीत खोचलेली असायची, जेवून आजीनेच धुवायची. काम सोडलं तेव्हा ती ताटली घेऊन घरी आली. का आणली, हे तिने कधी सांगितलं नाही. तिच्यामागे घर बांधताना आम्ही ती भंगारवाल्याला दिली. पोरांना लाज वाटत होती. त्यात मीही होतो. आज वाटतं, परभणी-हिंगोलीचा खरा इतिहास सांगणारी वस्तू आम्ही चार-आठ आण्यांच्या भावाने विकली.

१९७८ ला नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपली घरं जाळली गेली, संसार रस्त्यावर आले. ज्या घरांत तेव्हा भांडी उरली नाहीत, तिथे वस्तू जपायच्या कुठून? म्हणून जे उरलं आहे ते तरी जपलं पाहिजे. नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू सांभाळल्या. टाइपरायटर, कोट. त्यात चांदी नाही, पण ते पाहायला माणसं दुरून येतात आणि हात जोडून उभी राहतात.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. एक, संग्रहालयात जा. मुलांना घेऊन जा. हैदराबादला जा, ग्वाल्हेरला जा आणि अभिप्रायाच्या वहीत लिहा : ही चांदी कुणाच्या साऱ्यातून आली, हे पाटीवर लिहा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, पण लिहाच. दोन, आपल्या गावच्या विहारात एक कपाट करा. येसकराची घुंगरकाठी, वेगळा ठेवलेला कप, जर्मनची ताटली, मातीची घागर, मक्रणपूरच्या परिषदेची एखादी पावती. प्रत्येक वस्तूखाली लिहा : कुणाची, कोणत्या गावची, कशासाठी वेगळी ठेवली होती. ज्यांनी ती वापरली त्यातली काही माणसं अजून हयात आहेत. त्यांना विचारा, मोबाइलवर त्यांचा आवाज घ्या. अजून दहा वर्षांनी विचारायला कुणी नसेल.

निजामाचा डबा चोरीला गेला तेव्हा तो शोधायला अख्खं पोलीस खातं कामाला लागलं. आपली ताटली आपल्यालाच शोधावी लागेल. आजच घरी माळ्यावर चढा आणि बघा, काय उरलंय.

जय भीम!